डिस्प्ले पीस

मैदा अर्धवट मळून स्टीलच्या डब्यात भरून नेला मी,
म्हणून इनास वाटेत एक शब्द बोलला नाही.
मिक्सर घ्यायला कोणी पीठ घेऊन जातं का?
जातं.
वसईच्या बाजारात आई फणस ठोकून घ्यायची,
भोपळ्याला नख लावून बघायची,
आणि आम्ही बाजूला टाकलेले चाळीस रियाल
मी पुठ्ठ्यावरच्या फोटोवर ठेवू?

रुवीत पार्किंग मिळेपर्यंत चार फेऱ्या झाल्या.
बाहेर चव्वेचाळीस अंश.
मांडीवरच्या डब्याचं झाकण हळूच वर आलं
आणि फटीतून पीठ डोकावलं
शेजारणीसारखं.

सेल्समनचं नाव शाजी.
डबा बघून तो हसला नाही,
हे मी त्याच्या नावावर जमा केलं.
पहिला लालभडक, पंधराशे वॅट, अक्षरं मुठीएवढी.
"वॅट बघून घेऊ नका, चेची," तो हलक्या आवाजात म्हणाला,
"तो आकडा खाण्याचा. कामाचा वेगळा."
मी इनासकडे बघितलं नाही.

पिठात हूक शिरला तसा लालभडक
काउंटरवरून चालायला लागला,
थेट काठापर्यंत.
दोघांनी धरला तेव्हा थांबला.
आतले दाते प्लॅस्टिकचे, शाजीने न विचारता सांगितलं.

दुसऱ्याची किंमत ऐकून
इनासने शर्टाचं वरचं बटण लावलं.

तिसरा कोपऱ्यात होता, व्हॅक्यूम क्लीनरच्या आड.
मळकट पांढरा, सहा महिने डिस्प्लेला उभा,
डाव्या अंगाला वीतभर ओरखडा.
पाच लिटरचं भांडं, धातूचे दाते, बूड जड.
गोळा टाकल्यावर आधी कुरकुरला,
मग त्याने मान खाली घातली आणि लागला कामाला.
सात मिनिटांनी पीठ भांड्याच्या कडा सोडून
हूकला लोंबकळलं.
चिमूटभर घेऊन बोटांत ताणलं
तर त्यातून दुकानाची ट्यूबलाइट दिसली.
माझ्या उजव्या कोपरालाही दिसली असावी.
नाताळात अठ्ठावीस केकांचं लोणी-साखर
त्याने एकट्याने फेटलं होतं,
तेव्हापासून झोपताना तो वेगळी उशी मागतो.

एकतीस रियाल. वॉरंटी एक वर्ष,
सर्व्हिस सेंटर दोन गल्ल्या पलीकडे.
इनासने पेट्रोलच्या पावतीमागे हिशोब मांडला:
केक पाच रियालला, अडीच सामानात आणि गॅसमध्ये,
म्हणजे तेरा केकांत वसूल.
तेरा खोडून चौदा केले.
"एखादा जाळशील."

मग म्हणाला, "खोका कुठाय?"

डिस्प्लेच्या पिसाला खोका नसतो.

आमच्या कपाटावर छतापर्यंत खोके आहेत,
टीव्हीचा, इस्त्रीचा, पंख्याचा,
थर्माकोलसकट, एकोणीस वर्षांचे.
टीव्ही तर दुसऱ्यांदा बदलला,
पहिल्याचाही खोका आहे.
व्हिसा संपेल त्या दिवशी
जो तो आपापल्या खोक्यात जाऊन बसेल,
असं इनास मानतो, जसं काही लोक पुनरुत्थान मानतात.
"बिनखोक्याचा हा नेणार कसा?"

शाजी थांबला. मी थांबले.
मागे कोणी टोस्टरची किंमत विचारत होतं.
डब्यातलं पीठ पुन्हा फुगायला लागलं होतं.
इनासने त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला,
एकदा वरून खाली, एकदा खालून वर,
आणि म्हणाला, दोन रियाल कमी कर.
एक कमी झाला.

त्या पिठाचा पाव रात्री खाल्ला. जरा आंबट होता.
मिक्सर ओट्यावर आहे, खिडकीशी.
खालचे रबरी पाय फरशीला असे धरून बसलेत
की पुसायलाही हलवता येत नाही.
इनास येता-जाता
एका बोटाने ढकलून बघतो.